हरकतीची मुदत

भात कापून झालं की माले गावच्या शिवारात मला बसवत नाही. पीक उभं असतं तोवर नजर टेकायला काहीतरी असतं. कापणी झाली की खाचरं एकदम उघडी पडतात, बांध मोठे दिसू लागतात, आणि एरवी अडून राहणारे आवाज, पलीकडच्या वाडीतला रेडिओ, ताम्हिणीकडे जाणाऱ्या गाड्या, थेट पडवीत येतात. धसकटांना एक ओलसर, गोडूस वास असतो. पूर्वी मला तो आवडायचा. आता तो आला की मी पुस्तक मिटतो, उठतो, आत जातो, आत कशाला आलो ते आठवत नाही म्हणून परत बाहेर येतो.

परवा असाच आत-बाहेर करत होतो, तेवढ्यात बिरा आला. बिरा धनगर. दिवाळीनंतर त्यांचा वाडा, म्हणजे सगळा तांडा, मेंढरं घेऊन फलटणकडून निघतो आणि घाटाने कोकणात उतरतो. वाड्याच्या पुढे बिरा एकटा चालत असतो. कुणाच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायची, पाणी कुठे आहे, कुणाचा वाल अजून कोवळा आहे म्हणून लांबून जायचं, हे सगळं तो आधी येऊन ठरवून ठेवतो. त्याने पडवीत डोकावून विचारलं, "ताई कुटं हायेत?"

मी सांगितलं. चैत्रात गेली.

तो काठीवर दोन्ही हात ठेवून उभा राहिला. "लई वाद घालायच्या," म्हणाला. "आमच्या वाड्याच्या थोरल्यापरीस चिवट." मग खाली बसला. मी चहा ठेवला. मेंढरांचा विषय त्याने काढलाच नाही, आणि मीही काढला नाही. तो गेल्यावर लक्षात आलं, की यंदा कुठलं रान द्यायचं हे ठरलंच नाही.

संध्याकाळी बातम्यांत सांगितलं, कुठल्याशा दूरच्या राजधानीत मोठमोठ्या देशांचे नेते जमले आणि त्यांच्यात एकमत झालं. निवेदिकेने ते एका वाक्यात सांगून टाकलं आणि ती क्रिकेटकडे वळली. मी पुन्हा उठलो.

जमले आणि एकमत झालं! माझी थोरली बहीण, विजूताई, असं वाक्य ऐकलं की चष्मा काढून डोळे चोळायची. तिचं सगळं आयुष्य त्या 'जमले' आणि 'झालं' यांच्या मधल्या जागेत गेलं होतं. नेते येतात ते फोटोला आणि सहीला. त्यांच्या आधी वर्षभर त्यांचे दूत भेटत असतात. या दूतांना त्या व्यवसायात शेर्पा म्हणतात, कारण शिखरावर दुसराच जाणार असतो आणि ओझं यांनी वाहायचं असतं. दूतांच्या खाली कार्यगट असतात, एकेका विषयाचा एकेक. त्या गटांमध्ये आपापल्या सरकारच्या वतीने माझ्या बहिणीसारखी माणसं बसतात आणि एका वाक्यावर दोन दोन दिवस घालवतात. तिचा संसार म्हणजे दोन सुटकेसा. मी पुण्यातल्या एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. निवृत्त झाल्यावर वडिलांच्या जमिनीच्या तुकड्यावर इथे दोन खोल्या आणि पडवी बांधली. ती सुट्टीत यायची, आणि सुट्टीतही कागद घेऊन यायची.

मला आठवतो तो कार्तिक तिच्या शेवटच्या मोठ्या मसुद्याचा. कार्यगटाच्या दोन फेऱ्यांच्या मध्ये ती इथे राहायला आली होती. आल्याच्या दुसऱ्या आठवड्यात पुण्यातल्या डॉक्टरांनी तिच्या पोटातली गाठ दाखवली आणि म्हणाले, ऑपरेशन लवकर करा. किती लवकर, असं मी विचारलं. त्यांनी पाण्याचा पेला जरा बाजूला सरकवला आणि म्हणाले, "लवकर म्हणजे लवकर." नेमकी त्याच सुमाराला गटाची शेवटची फेरी होती, परदेशात. गाडीत ती खिडकीबाहेर बघत राहिली. भुकूम आलं, नव्या इमारतींची रांग मागे गेली, तेव्हा म्हणाली, "परिषद झाल्यावर बघू." घरी येऊन तिने कागद उघडले.

त्या दिवसांत तिचे डोळे लवकर थकत. म्हणून मी तिला मसुदा वाचून दाखवायचो. वाचायची पद्धत तिनेच शिकवली होती. ज्यावर सगळ्यांचं जुळलेलं नसतं तो मजकूर चौकोनी कंसात असतो, आणि कंसही मोठ्याने वाचावे लागतात. "जमीन ज्यांची जाणार आहे त्यांची, कंस सुरू, पूर्वसंमती, कंस संपला, कंस सुरू, सल्लामसलत, कंस संपला, घेऊन..." आणि ती डोळे मिटून, बोटाने गुडघ्यावर टिचक्या मारत ऐकत असे. शेवटच्या फेरीपर्यंत सगळे कंस काढायचे, हे त्यांचं काम. नेत्यांच्या टेबलावर कंस जाता कामा नयेत. एखादा उरलाच तर तो दोन माणसांनी जिन्यात उभं राहून काढायचा.

आमचं भात अर्धेलीने करणारी सुलाबाई एकदा दारात थांबून ऐकत होती. "काय वो सर, पूजा सांगताय का?"

"पूजाच आहे, सुलाबाई," ताई डोळे न उघडता म्हणाली. "फक्त देव ठरत नाहीये."

भानगड त्या एका परिच्छेदाचीच होती. धरणं, रस्ते, बंदरं अशा मोठ्या कामांसाठी लोकांची जमीन घ्यायची तर आधी त्यांची संमती लागेल, की फक्त सल्लामसलत पुरेल? संमती हा शब्द ताईने आत आणला होता. आधी आपल्याच राजधानीला, म्हणजे आपल्या सरकारला, पटवलं, त्यात एक अख्खा हिवाळा गेला. मग बाहेरच्यांना पटवायला बसली. समोर दुसऱ्या एका देशाची वाटाघाटी करणारी बाई होती. ताईला ती फार आवडायची. "हुशार आहे. भांडताना पाणी विचारते," म्हणायची. त्या बाईला वरून हुकूम होता, संमती नको.

ताईने सुलाबाईला एकदा हा फरक समजावून सांगायचा प्रयत्न केला. मागे धरणाच्या तलावाचं पाणी चमकत होतं. आमच्या पणजीचं माहेर त्या पाण्याखाली आहे, सुलाबाईच्या आज्याचं रानही.

"म्हंजी इचारायचं, पर न्हाई म्हनलं तरी घ्यायचं," सुलाबाई म्हणाली. "ती सल्लामसलत."

"तसंच काहीसं."

"मंग इचारत्यात कशाला? चा प्यायला?"

ताई इतकी हसली की तिला पोटावर हात धरावा लागला. मी तो हात पाहिला. तिनेही मला पाहताना पाहिलं, आणि हात काढून घेतला.

बिरा त्याच आठवड्यात आला होता, वाड्याच्या पुढे. वाटाघाटी सुलाबाईशी होत्या. ताई मध्ये पडायची ती निव्वळ हौसेने. सुलाबाईला मेंढरं वरच्या खाचरात बसायला हवी होती, तिथे खत कमी पडतं. बिराला खालचं रान हवं होतं, पाण्याजवळचं. पण विषय कुणीच काढेना. म्हशीला रेडकू झालं ते बोलून झालं, बिराच्या भावाच्या लग्नाचं बोलून झालं, ताम्हिणीत कुत्र्यांनी कोकरू धरलं ते झालं. मी कंटाळून आत गेलो. परत आलो तेव्हा बिरा उठून पायऱ्या उतरत होता, आणि शेवटच्या पायरीवरून मागे न बघता म्हणाला, "वरल्या रानात बसवतो. पर सकाळी पाण्याला खालनं नेनार."

"वाल तुडवला तर?" सुलाबाईने विचारलं.

"न्हाई तुडवत. थोरल्याला इचारून उद्या सांगतो."

तो गेल्यावर ताई खूश होऊन म्हणाली, "बघ. अगदी आमचंच. दिवसभर आतल्या टेबलावर भाषणं होतात, आणि खरं वाक्य दारात पडतं. वर पुन्हा राजधानीला विचारून सांगतो!" मग आवाज बदलून म्हणाली, "म्हणून मला त्या दारात असायला हवं, अरू. बाकीचं टेबलावरचं कुणीही करील."

मी काही बोललो नाही. मी बोलत नसे. आमच्या घरात माझं गप्प राहणं हे होकार म्हणून धरलं जाई. कोणत्या शाखेला जायचं हे वडिलांनी असंच ठरवलं. चुलत्यांनी विहिरीकडची बाजू मागितली, मी गप्प बसलो, विहीर तिकडे गेली. त्याचं मला फारसं दुःखही नव्हतं. पुस्तकं वाचणाऱ्या माणसाला विहिरीपेक्षा सावली लागते.

ताईला हे माहीत होतं. बरोबर शिकत मोठे झालो होतो आम्ही. म्हणून त्या दुपारी जेवताना तिने जे केलं ते अजाणता केलं असं मी म्हणणार नाही. नव्या तांदळाचा आसट भात होता, वालाची उसळ होती. तिने लोणच्याची फोड ताटाच्या कडेला लावली आणि म्हणाली, "एक मसुदा मांडते. शेवटची फेरी आधी. ऑपरेशन ती झाल्यावर. परत आले की विमानतळावरून थेट दवाखान्यात, तू म्हणशील तिथे."

"डॉक्टर म्हणाले होते..."

"डॉक्टर सदस्य नाहीत. उद्या याच वेळेपर्यंत हरकत आली नाही तर मंजूर धरीन."

ही त्यांच्या व्यवसायातली रीत. मसुदा बराचसा जुळत आला की गटाचा अध्यक्ष तो सगळ्यांकडे पाठवतो आणि एक वेळ देतो. तोपर्यंत कुणी काही बोललं नाही तर ते शांत राहणं म्हणजेच मान्यता. मत घेत नाहीत, हात वर करत नाहीत. एखाद्या देशाला पटलेलं नसेल तर त्याला मुदतीच्या आत शांतता मोडावी लागते. आणि ती मोडणं सोपं नसतं; सगळ्यांनी दमून एकदाचं संपवत आणलेलं असतं, आणि एकट्याने उठून नाही म्हणायचं असतं. ताई सांगायची, कितीतरी देश मनात नाही म्हणत बसून राहतात आणि मुदत निघून जाते. त्यानंतर ते आयुष्यभर म्हणत राहतात की आम्हाला हे मान्य नव्हतं. कागदावर मात्र त्यांचं नाव असतं.

दुपारनंतर मी बाहेर पडलो. तलावाच्या कडेने चालत राहिलो. पाणी मागे सरकू लागलं होतं. चिखलाला भेगा पडायच्या होत्या अजून, नुसता मऊ, चमकणारा पट्टा होता आणि त्यावर बगळ्यांची पावलं. मी मनातल्या मनात बोलत होतो. वाक्यं चांगली जमत होती, मुद्देसूद. पण त्यातलं प्रत्येक वाक्य तिने आधीच कुठल्या तरी खोलीत ऐकलेलं आणि परतवलेलं असणार, असं वाटायचं आणि ते गळून पडायचं. कधी तिचंच बरोबर वाटायचं. एक शब्द, पण तो राहिला तर कुठल्या तरी देशातल्या कुठल्या तरी गावात माणसं तो कागद दाखवून उभी राहतील. आणि इकडे काय? इकडे माझी बहीण. जगाच्या कागदावर तिच्यासाठी भांडायला कुठे कंस होता?

दुसऱ्या दिवशी खळ्यावर झोडणी होती. सुलाबाई आणि तिच्या जावा फळीवर पेंढ्या आपटत होत्या, धूळ सोनेरी होऊन वर चढत होती, आणि ताई पोत्याच्या थप्पीवर बसून, डोक्याला पदर गुंडाळून, कागद वाचत होती. जेवायची वेळ होत आली होती. मी तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो. झोडणीच्या आवाजात मला ओरडावं लागलं, आणि मला ओरडायची सवय नव्हती.

"हरकत आहे."

"काय?"

"माझी हरकत आहे!"

फळीवरचे हात थांबले. सुलाबाईने पेंढी तशीच धरून विचारलं, "कुनाची हरकत? काय झालं?"

"याची," ताई म्हणाली. तिचा चेहरा मला वाचता येईना. "जन्मात पहिल्यांदा."

"मंग बरंय की. बैल बी कवातरी अडतोच." आणि पेंढी फळीवर आदळली.

ताईला राग आला असावा. तिला वाटलं होतं मी बोलणार नाही, आणि ते वाटणं चुकलं होतं. पण रीत ती रीत. शांतता मोडली की मसुदा पुन्हा उघडायचा. ती पोत्यावरून उतरली आणि आम्ही बांधाबांधाने चालायला लागलो. मी म्हटलं, तुझ्या जागी तुझा तो तरुण सहकारी बसेल. ती म्हणाली, हुशार आहे, पण त्याला अजून गप्प बसता येत नाही. मी म्हटलं, शब्द पुढच्या वर्षी परत आणता येईल. ती म्हणाली, पुढच्या वर्षी आणू म्हटलेले शब्द परत येत नाहीत, मी पाहिलंय. मी म्हटलं, मग तू पुढच्या वर्षी असशील हे कोणत्या फेरीत ठरलंय?

ती थांबली. समोर खाचरात नुसती धसकटं होती. मी माझं वाक्य मागे घेतलं नाही. एरवी घेतलं असतं.

"तू ज्यावरून हटणार नाहीस असं काय आहे?" तिने शेवटी विचारलं, अगदी कामाच्या आवाजात.

"ऑपरेशन आधी."

"आणि माझं विचार."

"तुझं काय?"

"दवाखान्यातून फोनवर मी फेरीत बोलणार. शुद्धीत असले तर."

"डॉक्टर हो म्हणाले तर."

"डॉक्टरांना सदस्य करून घेतलंस म्हणायचं," ती म्हणाली आणि हात पुढे केला. आम्ही भावाबहिणीने बांधावर उभं राहून हात मिळवला. तिचा तळवा गरम आणि कोरडा होता. मग ती फणसाखाली गेली, आमच्याकडे रेंज फक्त तिथेच मिळते, आणि तिने राजधानीला फोन करून सांगितलं की ती येणार नाही. तिची पाठ माझ्याकडे होती. बोलणं संपल्यावरही ती फोन कानाला लावून तशीच उभी राहिली.

फेरीच्या दिवशी ती शुद्धीत नव्हती. ऑपरेशन त्याच सकाळी होतं, आणि ते ठरल्यापेक्षा लांबलं. दवाखान्याच्या कॉरिडॉरमध्ये मी तिचा फोन खिशात घेऊन बसलो होतो आणि तो थरथरला की माझ्या मांडीतून कळ जायची. संध्याकाळी तिच्या सहकाऱ्याचा आवाज आला. तो दमलेला होता, आणि मला वाटतं रडवेलाही. संमती गेली, म्हणाला. सल्लामसलत राहिली. त्याने शेवटपर्यंत लावून धरलं, आणि मग सगळे विमानांची वेळ पाहू लागले. समोरच्या बाईने मात्र निघताना जिन्यात थांबून ताईची चौकशी केली होती. परत वर जाऊन आपल्या लोकांशी काही बोलली होती. शेवटच्या मजकुरात 'सल्लामसलत' या शब्दाच्या आधी 'वेळेवर आणि अर्थपूर्ण' असे शब्द आले, ते तिच्या बाजूने आले. कुणी मागितले नव्हते.

मी हे ताईला तिसऱ्या दिवशी सांगितलं. ती छताकडे बघत होती. "अर्थपूर्ण," म्हणाली. "चांगली बाई आहे." आणि तोंड भिंतीकडे केलं.

नेत्यांची परिषद तिने इथेच, या खोलीत टीव्हीवर पाहिली, उशीला टेकून. सगळे एका रांगेत उभे राहिले, हसले, पानं उलटली. मी तो परिच्छेद कुठे येतो ते शोधत होतो. कुणी वाचलाच नाही, वाचत नसतात. ताई म्हणाली, ते बघ, मागच्या रांगेत कडेला, पांढऱ्या केसांची, तीच ती. पण कॅमेरा पुढे सरकला होता.

त्यानंतर ती आणखी दोन कार्तिक होती. हे मी पुन्हा पुन्हा मोजतो, माळेचे मणी सरकवावेत तसं, आणि पुन्हा पुन्हा मन उलट्या बाजूला जातं. दोन वेळा तिने झोडणी पाहिली. दोन वेळा बिराशी भांडली. नव्या तांदळाचा भात खाल्ला. आणि कुठे कुठे त्या काळात लोकांना विचारलं गेलं असेल, वेळेवर आणि अर्थपूर्ण विचारलं गेलं असेल, आणि मग त्यांची जमीन घेतली असेल. मी दोन्ही गोष्टी एका तराजूत घालू शकत नाही. एकीकडे एक माणूस आहे, दुसरीकडे मी कधी न पाहिलेली माणसं आहेत, आणि ती त्या दारात असती तर तो शब्द नक्की टिकला असता असंही नाही. पण टिकला असता. कदाचित. हा 'कदाचित' मला या ऋतूत खुर्चीवर बसू देत नाही.

एकदाच मी तिला विचारलं. शेवटच्या फाल्गुनात, दुपारी. आजार परतला होता, आणि या वेळी डॉक्टरांनी 'लवकर' हा शब्द वापरला नव्हता. मी तिच्या पायांना तेल लावत होतो, त्यामुळे चेहऱ्याकडे बघायची गरज नव्हती. विचारलं, "तुला त्या खोलीत असायचं होतं ना गं?"

मला वाटलं ती म्हणेल, जाऊ दे. मला वाटलं ती म्हणेल, तू बरोबर केलंस. आयुष्यभर दोन्ही बाजूंना पटेल असं वाक्य शोधणारी बाई, तिला माझ्यासाठी एक सापडलं असतं.

"होतं," ती म्हणाली.

मी तेल लावत राहिलो.

"अजूनही वाटतं, मी असते तर मिळवला असता तो शब्द तिच्याकडून. जिन्यात." ती म्हणाली, "इतकी वर्षं लोकांच्या हरकती ऐकल्या, अरू. देशाच्या असायच्या, खात्याच्या असायच्या. मी राहावं म्हणून कुणी घेतलेली तेवढी एकच."

मग तिने पाय ओढून घेतला. म्हणाली, "पुरे झालं आता, गुदगुल्या होतात."